रिकाम्या हातांचा हिशेब मांडणारे वि. स. पागे

आशियातील शेतीप्रधान देशांत उत्पादन वाढले म्हणून बेकारी हटतेच असे नाही. औद्योगिक देशांत मंदी आली की कामगाराची नोकरी जाते आणि ती आकड्यांत दिसते. येथे सुगी सरली की शेतमजूर घरी बसतो. त्याची नोंद सहसा कोठेच होत नाही. हे दुखणे विठ्ठल सखाराम पागे यांनी नेमके ओळखले.

१९१० मध्ये जन्मलेले पागे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. गांधीविचार आणि संतसाहित्याचा व्यासंग ही त्यांची शिदोरी होती. १९६० ते १९७८ या काळात ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभागृहातील मानाच्या आसनावर बसूनही त्यांचे लक्ष कोरडवाहू शिवारावर खिळलेले असे. रिकामे हात हेच गरीब देशाचे न वापरलेले भांडवल आहे. त्यांना काम दिले तर मजुरीही मिळेल आणि जमिनीचे उत्पन्नही वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात १९६५ च्या सुमारास त्याचा पहिला प्रयोग झाला.

१९७२ च्या दुष्काळाने या विचाराची कसोटी पाहिली. दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबले. रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसला आणि शहरी पगारदाराचा पैसा खेड्यातील बांधबंदिस्तीला, पाझर तलावांना मिळू लागला. १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला; काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले.

योजनेला गालबोटही लागले. खोटे हजेरीपट निघाले, अनेक कामे अर्धवट राहिली. मजुरी वाटली, पण तलावात पाणी साठले नाही, तर पागे यांच्या हिशेबातील उत्पादनाची बाजू कोरीच राहते. तरीही २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यापुढे महाराष्ट्राचाच धडा होता.

१९९० मध्ये पागे यांचे निधन झाले. त्याच सुमारास फळबाग लागवड योजनेला जोडली गेली आणि कोकणातील वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमे रुजली.