हवेचा हिशेब

नाशिकमध्ये मायको सर्कल नावाचा चौक आहे. सातपूरच्या कारखान्यावरून हे नाव पडले. त्या कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले, पण चौक मायकोचाच राहिला. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे नाशकात होतो. आमच्या शाखेचे एक खातेदार गॅरेज चालवीत. एकदा त्यांनी माझ्या गाडीचे बॉनेट उघडून एअर फिल्टरपुढच्या नळीत बसवलेला बोटभर लांबीचा पुर्जा दाखवला. इंजिनात किती हवा शिरते ते हा मोजतो, असे त्यांनी सांगितले. पुर्ज्यावर बॉश हे नाव होते. आयुष्यभर नोटा मोजल्या, पण हवाही मोजतात ही गोष्ट मला नवीन होती.

पेट्रोल नुसते जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा हवी. म्हणजे एका लिटरमागे नऊ-दहा हजार लिटर! हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर गाडी अडखळते. जुन्या गाड्यांत हे काम कार्बोरेटर करी. नळीचा गळा अरुंद केला की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते. सगळा कारभार बराचसा अंदाजाचा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल मोजून फवारायचे असते, तेव्हा हवा किती आली हे आधी कळायलाच हवे.

बॉश कंपनीने १९६७ साली आणलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत हवा थेट मोजली जात नसे. नळीतला दाब आणि इंजिनाचे फेरे पाहून हिशेब मांडला जाई. १९७३ साली नळीत झडप आली. हवेच्या झोताने ती किती लोटली गेली, त्यावरून माप. पण घाटमाथ्यावरची हवा विरळ असते. तिचे आकारमान तेवढेच भरले तरी वजन कमी. यावर १९८१ साली तारेची युक्ती निघाली. प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार विजेने तापती ठेवायची. येणारी हवा तिला गार करू पाहते, आपण बशीतल्या चहावर फुंकर घालतो तशी. तार तितकीच तापलेली राहायला किती वीज खर्च झाली, त्यावरून हवेचे वजनच कळते. तारेवर धूळ बसली तर माप चुकेल, म्हणून इंजिन बंद केल्यावर ती क्षणभर लाल होऊन स्वतःवरची घाण जाळून टाकी. संध्याकाळी ताळा जुळल्यावर टेबल आवरून निघणारे आमचे एक जुने हेडकॅशियर मला आठवले.

ज्यांचे नाव त्या पुर्ज्यावर होते, त्या रॉबर्ट बॉश यांनी मात्र यातले काहीच पाहिले नाही. ते त्याआधीच गेले होते.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडिलांची खाणावळ आणि शेती होती. रॉबर्ट उल्मला कारागिरी शिकले, पुढे अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये राबले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टला त्यांनी स्वतःचे वर्कशॉप काढले. हाताखाली एक मेकॅनिक आणि एक निरोप्या पोऱ्या. पहिली वर्षे ओढग्रस्तीची गेली. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने त्यांना तारले. १८९७ साली तो मोटार तीनचाकीवर चढला, १९०२ साली त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी त्याला उच्च दाबाच्या विजेची जोड दिली आणि बॉश हे नाव जगभर गेले.

१९०६ साली त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. कामगारांच्या खोल्यांत भरपूर उजेड आणि मोकळी हवा हवी, हा त्यांचा हट्ट असे. इतर मालक त्यांना लाल बॉश म्हणून हिणवीत. तरी १९१३ साली त्यांच्याकडेही संप झालाच, आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला. पहिल्या महायुद्धात आलेला नफा त्यांना जवळ ठेववेना. त्यातला मोठा भाग त्यांनी नेकर नदीच्या कालव्याला दिला. १९२१ साली थोरला मुलगा दीर्घ आजाराने गेला. पहिला संसार १९२७ साली मोडला. त्याच साली डिझेल इंजिनाला इंधन मोजून देणारा त्यांचा पंप बाजारात आला. आपले ट्रक वर्षानुवर्षे त्याच घराण्यातल्या पंपांवर धावले.

आता अवघड भाग. १९३७ च्या सुमारास पेट्रोल इंजेक्शन विमानात गेले. हवेच्या दाबाप्रमाणे फुगणारी-आकसणारी धातूची डबी पंपाला सांगे, इंधन किती द्यायचे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात नाक खाली करून झेपावणाऱ्या स्पिटफायरचे कार्बोरेटरचे इंजिन क्षणभर गुदमरे. मेसरश्मिटचे चालूच राही. फ्रान्स-जर्मनी मैत्रीसाठी पैसा आणि वेळ खर्च करणाऱ्या म्हाताऱ्याच्या कारखान्याची ही कमाई. युद्धकाळात तिथे वेठीला धरून आणलेल्या सुमारे वीस हजार माणसांकडून काम करून घेतले गेले. कंपनीच्या इतिहासातही आता हे नोंदले आहे.

त्याच वहीतले दुसरे पान असे. लाइपझिगचे माजी महापौर, हिटलरचे विरोधक कार्ल गर्डेलर यांना कंपनीने १९३७ साली सल्लागार म्हणून ठेवले आणि त्या नोकरीच्या आडून ते देशोदेशी फिरले. ज्यूंना देश सोडता यावा म्हणून पैसे दिले गेले. हे सांभाळणारे कंपनीप्रमुख हान्स वाल्झ यांचा १९६९ साली इस्रायलने गौरव केला. मी बँकेतला माणूस, जमा आणि खर्च ओळखतो. पण इथे एकीतून दुसरे वजा करायला माझा हात धजत नाही.

बॉश १२ मार्च १९४२ रोजी कानाच्या विकाराने वारले. हिटलरच्या सरकारने त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. गर्डेलर यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनच्या तुरुंगात देहदंड झाला.