फादर थॉमस स्टीफन्स : मूळ गाव कोणते?

लग्न ठरले की शहापूर-मुरबाड भागातली आपली मंडळी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतात. पुष्कळदा रजिस्टरमध्ये नाव सापडते, पण गावाऐवजी पाड्याचे नाव असते, आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेले असते, किंवा वडिलांचे घरातले हाकेचे नावच नोंदलेले असते. मग शोधाशोध सुरू होते. असाच शोध मराठी ख्रिस्ती साहित्याच्या एका थोर माणसाबद्दल घ्यावा लागला. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स. हिंदुस्थानात येऊन कायमचे राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज तेच.

त्यांचा जन्म साधारण १५४९ साली झाला असे मानतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम राजा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३८ साली निघाला होता. मग फादरांची नोंद सहज मिळायला हवी, असे आपल्याला वाटेल. परंतु सुरुवातीच्या नोंदी साध्या कागदावर होत्या. १५९८ साली त्या टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश आला, तेव्हा अनेक ठिकाणी १५५८ पासूनच्या, म्हणजे राणी एलिझाबेथ गादीवर आल्यानंतरच्या नोंदीच उतरवल्या गेल्या. त्याआधीची कित्येक पाने कायमची गेली. फादरांचा जन्म नेमका त्या आधीच्या काळातला.

म्हणून अभ्यासकांनी दुसरे कागद धुंडाळले. विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेच्या यादीत १५६४ साली दाखल झालेला थॉमस स्टीफन्स नावाचा मुलगा सापडला. रोममध्ये येशूसंघाच्या नोंदीत त्यांच्या प्रवेशाची तारीख २० ऑक्टोबर १५७५ अशी मिळाली. गोव्याहून त्यांनी घरी पाठवलेले पत्र लंडनमध्ये छापले गेले, त्यावरून वडिलांचे नावही थॉमसच होते हे कळले. जुन्या लिखाणात त्यांचे गाव ‘बुल्स्टन’ असे येते. ते विल्टशायर परगण्यातल्या क्लिफ पायपार्ड धर्मग्रामातले बुश्टन हे खेडे होय, असे आता मानले जाते. एका खेड्याचे नाव चुकीचे लिहिले गेले आणि त्यामुळे पुढच्या लोकांना केवढा खटाटोप करावा लागला!

त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा पाळणे धोक्याचे झाले होते. तरुण थॉमस आपला मित्र थॉमस पाउंड याच्याबरोबर त्याचा नोकर म्हणून वेषांतर करून फिरत असे. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात जायचे ठरवले होते. पण पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. थॉमस एकटेच रोमला पोहोचले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना प्रवासाची सविस्तर हकिगत लिहिली. घरी परतणे मात्र पुन्हा कधीच झाले नाही.

पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत गेली. ही साष्टी आपल्या ठाणे-मुंबईकडची नव्हे, तर गोव्यातली, मडगाव-राचोलची. १५८३ साली राल्फ फिच आणि त्याचे सोबती असलेले इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा फादरांनी मध्ये पडून त्यांना जामिनावर सोडवायला मदत केली. आपल्या देशाचे माणूस म्हणून ते धावले.

पण ते रमले इथल्या भाषेत. त्यांनी मराठी व कोकणी आत्मसात केल्या. नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत ऐकायला पुराण हवे होते. फादरांनी ओवीछंदात येशूचरित्र रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात त्यांनी मराठीची मनापासून थोरवी गायिली आहे. १६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण समजले जाते.

पुराणाच्या त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ख्रिस्ती घरांतून लोकांनी हाताने नकला करून ते जपले, म्हणून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. सरकारी हुकमाने ठेवलेली पाने हरवली आणि घरोघर प्रेमाने जपलेली वही टिकली, हे आपण ध्यानात ठेवावे.

मूळ गाव कोणते, याचे उत्तर बुश्टन असे मिळाले. परंतु ज्या लोकांच्या भाषेत त्यांनी प्रार्थना केली, त्या लोकांनीच त्यांना आपले म्हणून सांभाळले. आमची विनंती एवढीच की, बाळाचा बाप्तिस्मा झाला की नाव, आडनाव, आईवडिलांची नावे आणि गाव बरोबर लिहिले आहे ना, हे त्याच दिवशी वाचून पाहा. वाचता येत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या आईवडिलांची नावे व मूळ पाडा विचारून एका वहीत लिहून ठेवा. आज दहा मिनिटांचे काम आहे. पन्नास वर्षांनी ते कुणालाही जमणार नाही.