सर एडवर्ड लीडर विल्यम्स

इंग्लंडांत मँचेस्टर शहराच्या पश्चिमेस, कॅडिशेड गांवाजवळ, एक उंच रेल्वेपूल ओस पडलेला आहे. १८९३ सालीं त्यावरून गाड्या सुरू झाल्या. १९६४ सालीं उतारूंची वाहतूक थांबली व पुढें कांहीं वर्षांनीं मालगाड्याही बंद झाल्या. परंतु ज्या कालव्यासाठीं तो इतका उंच बांधावा लागला, त्या कालव्यांतून जहाजें चालूच राहिलीं. हा कालवा आंखणाऱ्या विल्यम्ससाहेबांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १८२८ रोजीं वूस्टर येथें झाला. वडील सेव्हर्न नदीच्या जलमार्गाचे इंजिनियर होते; त्यांच्याच हाताखालीं एडवर्ड हा धंदा शिकले. रेल्वे, शोरहॅमचें बंदर व डोव्हरचा धक्का या कामांवर अनुभव घेऊन ते १८५६ सालीं वीव्हर नदीच्या जलमार्गाचे इंजिनियर झाले. अँडर्टन येथें कालवा नदीहून सुमारें ५० फूट उंचावर होता. नावा पाण्यासकट उचलून वर नेण्याची त्यांची कल्पना एडविन क्लार्क यांच्या साह्यानें १८७५ सालीं प्रत्यक्षांत आली.

मँचेस्टर कापडाच्या धंद्याचें माहेरघर. पण समुद्र दूर. मुंबईहून गेलेल्या कापसावरही लिव्हरपूल बंदराचे कर व रेल्वेचें भाडें चढे. म्हणून २७ जून १८८२ रोजीं डॅनिअल ॲडमसन यांच्या घरीं सभा भरून जहाजांच्या कालव्याचा विचार सुरू झाला. भरतीचें पाणी थेट शहरापर्यंत आणावें, अशी एक योजना होती. पण तीत बंदर खोल खड्ड्यांत गेलें असतें. विल्यम्स यांनीं पाण्याचे दरवाजे बांधून जहाजें पायरीपायरीनें वर चढविण्याची योजना मांडली व ती मान्य झाली.

पार्लमेंटांत मात्र दोनदां अपयश आलें. मर्सी नदीच्या मुखाशीं भिंती घातल्यास गाळ सांचेल, असें लिव्हरपूलकरांस भय होतें. विल्यम्स हट्टास पेटले नाहींत. त्यांनीं कालवा दक्षिण किनाऱ्यानें नेला, आणि १८८५ सालीं कायदा मंजूर झाला.

काम १८८७ सालीं सुरू झालें. रेल्वे कंपन्यांचा विरोध होता. तरी त्यांची वाट तोडून चालणार नव्हतें. डोलकाठ्यांसाठीं ७५ फूट मोकळी जागा सोडून नवे पूल आधीं बांधले, गाड्या त्यांवर वळविल्या, मगच जुने मार्ग खणले. कॅडिशेडचा पूल त्यांपैकींच एक. बार्टन येथें ब्रिंडले यांचा १७६१ सालचा जुना जलसेतु आड येत होता. त्याच्या जागीं पाण्यासकट फिरणारा २३५ फुटी जलसेतु बसविला. मध्यंतरीं मुख्य कंत्राटदार वॉकर वारले, पुरांनीं कामें बुडविलीं, पैसा सरला. तेव्हां मँचेस्टर नगरपालिकेनें ५० लक्ष पौंड कर्ज दिलें. अखेर १ जानेवारी १८९४ रोजीं सुमारें ३६ मैलांचा कालवा खुला झाला. त्याच वर्षीं विल्यम्स यांस 'सर' हा किताब मिळाला. बरोबर सोळा वर्षांनीं, १ जानेवारी १९१० रोजीं, त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थिमित्रांनो, आपलें कार्य कितीही मोठें असो, दुसऱ्याची वाट अडतां कामा नये. ज्यांनीं विरोध केला त्यांसाठींही विल्यम्स यांस आधीं पूल बांधावे लागले, आणि त्यांनीं ते उत्तम बांधले. त्यांवरून दोन पिढ्या सुखानें प्रवास करून गेल्या, हें आम्हांस त्यांच्या किताबाहून मोठें वाटतें.