‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिलेला आजार, आणि त्यामागे लागलेला डॉक्टर अल्झायमर

यवतमाळ असो की पुणे, घरातले आजोबा एकच प्रश्न दहा वेळा विचारायला लागले की आपण म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’. विषय तिथंच संपतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरनं मात्र हा विषय संपू दिला नाही. त्याचं नाव अलॉइस अल्झायमर.

जन्म 1864 चा, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट गावचा. डॉक्टर झाल्यावर 1888 मध्ये तो फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. दिवसा रुग्ण तपासायचे आणि नंतर मायक्रोस्कोपखाली मेंदूचे काप बघायचे, हे त्याचं काम.

1901 मध्ये त्याची बायको वारली. त्याच वर्षी ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. वय फक्त 51, पण तिला साध्या गोष्टी आठवत नव्हत्या. म्हणजे हे नुसतं म्हातारपण नव्हतं. पुढं अल्झायमर म्युनिकला गेला, तरी तिची चौकशी करत राहिला. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यानं तिचा मेंदू मागवून घेतला.

त्यात त्याला काय दिसलं? पेशींच्या बाहेर साठलेले डाग आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. या दोन गोष्टी पुढं जगभर गाजल्या. तिसरी मागे पडली. मेंदूला आधार देणाऱ्या ग्लिया पेशीही बदलल्या होत्या, त्यांच्यात चरबी साठली होती.

या आधारपेशी करतात काय? अ‍ॅस्ट्रोसाइट मज्जापेशींचं पोषण सांभाळतात, तर मायक्रोग्लिया कचरा साफ करतात. वय वाढलं की हे सफाई कामगार सुस्तावतात, सूज वाढवतात. म्हाताऱ्या मायक्रोग्लियांत चरबीचे थेंब साठतात, हे अलीकडच्या संशोधनातही दिसलंय. 2013 मध्ये तर मायक्रोग्लियांत काम करणाऱ्या ‘ट्रेम 2’ या जनुकातल्या बिघाडाचा या आजाराशी संबंध सापडला. म्हणजे मागे पडलेली ती तिसरी नोंद शंभर वर्षांनी महत्त्वाची ठरली.

1906 मध्ये ट्युबिंगनच्या परिषदेत अल्झायमरनं हे सगळं मांडलं, तेव्हा कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आजाराला त्याचं नाव 1910 मध्ये मिळालं, तेही त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांच्या पुस्तकातून. 1915 मध्ये तो गेला. वय 51, ऑगस्टे दाखल झाली तेव्हा होतं तेवढंच.

वयानं चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं आणि रोजच्या घरचा रस्ता विसरणं वेगळं. दुसरं दिसलं, तर म्हण आठवू नका, डॉक्टरकडे घेऊन जा.