नाताळचें दान आणि मार्टिन लूथर

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. देवानें आपल्याकरितां आपला पुत्र दिला, तर आतां आपण देवाला काय द्यावें? प्रश्न चांगल्या मनानें विचारलेला असतो. परंतु त्याच्या पोटांत पुष्कळदां एक जुनी भीति दडलेली असते. कांहीं दिलें नाहीं, तर देव रुष्ट होईल! ही भीति ज्यानें पुरेपूर भोगिली व जो शेवटीं तींतून सुटला, त्या मार्टिन लूथर ह्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

लूथर ह्याचा जन्म ता. १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आइस्लेबेन गांवीं झाला. दुसरे दिवशीं त्याचा बाप्तिस्मा झाला. तो संत मार्टिन ह्याचा दिवस होता, म्हणून मुलाचें नांव मार्टिन ठेविलें. बाप हान्स हा शेतकऱ्याच्या कुळांतला. तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत शिरून त्यानें कष्टानें चार पैसे गांठीस बांधले होते. मुलानें वकील व्हावें अशी त्याची इच्छा. परंतु १५०५ सालीं जुलैच्या २ तारखेस मार्टिन एर्फुर्ट शहराकडे परत येत असतां वादळानें त्याला वाटेंत गांठलें, जवळच वीज पडली, आणि घाबरून त्यानें संत अन्ना हिला नवस केला कीं, वांचलों तर मठवासी होईन. नवस म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पंधरा दिवसांनीं तो आगस्टीनच्या पंथाच्या मठांत शिरला. बाप फार संतापला.

मठांत त्यानें कांहींएक बाकी ठेविलें नाहीं. उपास, जागरणें, कडाक्याच्या थंडींत देहदंड. बारीकसारीक पापें आठवून आठवून तो तासन्‌तास कबूल करी, इतकीं कीं त्याचा गुरु श्टाउपिट्स हाही कंटाळून जाई. तरी जिवाला शांति नाहीं. ख्रिस्ताचें नांव ऐकून त्याला धीर येत नसे, धडकी भरत असे. कारण लहानपणापासून त्यानें चित्रांत पाहिलेला ख्रिस्त म्हणजे इंद्रधनुष्यावर बसलेला न्यायाधीश. गव्हाणींतलें बाळ ह्या मनुष्यापासून किती दूर होतें!

१५१२ सालीं तो विटेनबेर्ग येथील विद्यापीठांत पवित्र शास्त्राचा आचार्य झाला. स्तोत्रांवर व रोमकरांस पत्रावर शिकवितां शिकवितां त्याला उमगलें कीं, शुभवर्तमानांत ज्या देवाच्या नीतिमत्त्वाची गोष्ट आहे, तें देव मनुष्याकडून मागत नाहीं, तर मनुष्यास फुकट देतो. विश्वास म्हणजे तें घेण्यासाठीं पुढें केलेला रिकामा हात.

त्याच शहरांत राजा फ्रेडरिक ह्यानें किल्ल्यांतील देवळांत पवित्र अवशेषांचा मोठा संग्रह केला होता. १५०९ सालच्या यादींत त्याचे ५,००५ नग होते. बेथलेहेमच्या गव्हाणींतील गवताची काडी व बाळ येशूच्या बाळंत्याचा तुकडाही त्यांत असल्याचें सांगत. ठराविक दिवशीं दर्शन घेऊन दान टाकणाऱ्यास शिक्षेंत सूट मिळे. म्हणजे जें बाळ देवानें मोफत दिलें, त्याच्या अंथरुणाच्या काडीवर लोकांनीं दर लाविला होता! शेजारच्या मुलखांत टेट्सेल नांवाचा उपदेशक पापक्षमापत्रें विकीत फिरूं लागला, तेव्हां ता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं लूथर ह्यानें आपलीं ९५ विधानें पुढें मांडलीं. त्यानंतरचा वाद, पोपचा बहिष्कार, १५२१ सालीं वोर्म्स येथें बादशहापुढें झालेली चौकशी, हें सर्व आमच्या उपदेशकांस ठाऊक आहे.

वोर्म्सहून परत जातांना त्याच्या हितचिंतक राजानें त्याला वार्टबुर्ग किल्ल्यांत लपवून ठेविलें. दाढी वाढवून, सरदाराचें नांव घेऊन तो तेथें राहिला. १५२१ सालचा नाताळ त्यानें तेथेंच काढिला. नव्या कराराचें जर्मन भाषांतर त्यानें तेथें सुमारें अकरा आठवड्यांत केलें, आणि नाताळच्या दिवसांतील पाठांवर प्रवचनेंही तेथेंच लिहिलीं. प्रवचनांच्या प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, ख्रिस्ताला आधीं देणगी म्हणून घ्यावें, मग कित्ता म्हणून गिरवावें. हा क्रम उलटला म्हणजे ख्रिस्त हा दुसरा मोशे होतो, आणि मनुष्य पुन्हां भीतींत पडतो. देवदूतानें मेंढपाळांस जन्माची वार्ता सांगितली, तींत हें तुमच्यासाठीं झालें असेंही सांगितलें. तेवढा एक शब्द आपला म्हणून घेणें, ह्यांत त्याच्या मतें सारा नाताळ होता.

मग आरंभींच्या प्रश्नाचें काय? एका नाताळच्या प्रवचनांत तो ऐकणाऱ्यांस चांगलाच चिमटा घेतो. आम्ही त्या रात्रीं बेथलेहेमांत असतों, तर बाळाचीं बाळंतीं धुतलीं असतीं, असें तुम्हांस वाटतें. पण मग शेजाऱ्याचें कां करीत नाहीं, असा त्याचा भाव. देवाला कांहीं देऊन त्याची मर्जी संपादावयाची उरली नाहीं, म्हणून हात शेजाऱ्याकरितां मोकळे झाले.

१५२५ सालीं त्यानें काटारीना फोन बोरा हिच्याशीं विवाह केला. त्यांस सहा मुलें झालीं. मुलांनीं नाताळांत गावें म्हणून त्यानें रचिलेलें गीत १५३५ सालीं छापलें गेलें. त्याचा आरंभ एका लोकगीताच्या धर्तीवर आहे. रेव्हरंड टिळकांचे अभंग गाणाऱ्या आमच्या मंडळ्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. मेणबत्त्यांनीं सजविलेलें पहिलें झाडही त्याचेंच, असें पुष्कळ सांगतात. त्याला पुरावा नाहीं, आणि त्यावांचून आमचें कांहीं अडतही नाहीं.

१५४२ सालच्या सप्टेंबरांत त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना आजारी पडली. बाप अंथरुणाशीं गुडघे टेकून रडला. तिकडच्या पित्याकडे आनंदानें जाशील ना, असें त्यानें विचारिलें. देवाची इच्छा असेल तसें, असें तिनें सांगितलें, व ती त्याच्या हातांवर मरण पावली. नंतर एका मित्रास त्यानें लिहिलें कीं, आम्हां उभयतांस देवाचे उपकार मानावयाचे आहेत, पण रडल्यावांचून ते मानवत नाहींत. इतक्या मोठ्या उपदेशकानें हें लपविलें नाहीं, ह्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों.

त्याचे दोषही लपवूं नयेत. १५२५ सालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें, तेव्हां त्यांस ठार मारावें असें त्यानें सत्ताधीशांस लिहिलें. येशू जन्मानें यहूदी होता असें १५२३ सालीं प्रेमानें लिहिणाऱ्या ह्याच मनुष्यानें १५४३ सालीं यहूद्यांचीं सभास्थानें व घरें जाळावीं असें लिहिलें. त्या लिखाणानें पुढें फार मोठें अनिष्ट झालें, व त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं.

ता. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं, जन्मगांवींच, तो मरण पावला. दोन दिवस आधीं लिहिलेला एक कागद मागें सांपडला. पांच वर्षें शेती केल्यावांचून व्हर्जिल कवीचें कृषिकाव्य कळत नाहीं, तर पवित्र शास्त्र कळण्यास शंभर वर्षें मंडळ्या सांभाळाव्या लागतील, असें त्यांत आहे; आणि शेवटीं, आपण सारे भिकारी आहों, असें आहे. ता. २२ रोजीं विटेनबेर्ग येथें, जेथें पूर्वीं गव्हाणीची काडी दाखवीत, त्याच देवळांत त्याला पुरलें.