के.एस. कृष्णन

सर करियामाणिक्कम श्रीनिवास कृष्णन (४ डिसेंबर १८९८ – १९६१) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. १९२८ साली लागलेल्या रामन परिणामाच्या शोधात ते चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी होते. धातूंच्या क्षारांचे चुंबकत्व स्फटिकाच्या रचनेवर कसे अवलंबून असते, यावरील प्रयोग हे त्यांचे महत्त्वाचे स्वतंत्र कार्य होय.

जीवन

कृष्णन यांचा जन्म तमिळनाडूतील वत्रप या गावी झाला. मदुराई व मद्रास येथे शिक्षण घेतल्यावर १९२३ साली ते कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत दाखल झाले. १९२८ च्या अखेरीस ते ढाका विद्यापीठात प्रपाठक झाले. १९३३ मध्ये ते पुन्हा कोलकात्याच्या संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि १९४२ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात गेले. १९४७ साली ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

स्फटिकांचे चुंबकत्व

इलेक्ट्रॉनचे परिवलन, म्हणजे स्पिन, आणि त्याची कक्षीय गती या दोहोंतून अणूचे चुंबकत्व निर्माण होते. लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे यांसारख्या संक्रमणी धातूंच्या क्षारांत धातूच्या आयनाभोवती सहसा सहा शेजारी अणू असतात. त्यांच्या विद्युत क्षेत्रामुळे कक्षीय गती बरीचशी दबली जाते. परिवलनावर या क्षेत्राचा थेट परिणाम होत नाही. परंतु परिवलन व कक्षा यांच्यातील युग्मनामुळे स्फटिकाच्या रचनेची दिशा परिवलनापर्यंत पोहोचते. त्यामुळे एकाच स्फटिकाचे चुंबकत्व वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे भरते.

हा फरक मोजण्यासाठी कृष्णन स्फटिक क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूला टांगून एकसमान चुंबकीय क्षेत्रात ठेवत. तंतूला हळूहळू पीळ दिला असता एका मर्यादेनंतर स्फटिक एकाएकी फिरतो. त्या पिळावरून दोन दिशांतील फरक काढता येतो. मँगॅनीजच्या आयनात पाच इलेक्ट्रॉन पाच कक्षकांत एकेक असल्याने त्याच्या क्षारांत हा फरक अत्यल्प असतो. कोबाल्टच्या क्षारांत तो मोठा असतो.

मोरचूद हे याचे परिचित उदाहरण आहे. बीव्हर्स व लिप्सन यांनी १९३४ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना निश्चित केली होती. त्यात तांब्याभोवती पाण्याचे चार रेणू चौरसात, तर सल्फेटचे दोन ऑक्सिजन अणू वर व खाली काहीसे दूर असतात. एकक कोशिकेत असे दोन चौरस असून ते एकमेकांशी जवळजवळ काटकोनात असतात. त्यामुळे संपूर्ण स्फटिकाच्या मापनात दोन्ही आयनांचा परिणाम मिसळलेला असतो. कृष्णन आणि ए. मुखर्जी यांनी १९३६ व १९३८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये हे चुंबकत्व आणि स्फटिकरचना यांचा संबंध मांडला.

सन्मान

१९४० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब, १९५४ मध्ये पद्मभूषण व १९५८ मध्ये पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.