बारा खाटांचं दवाखान्याचं घर

धाकट्या बहिणीच्या केमोला मी सोबत जायचे. सलाईन थेंबथेंब उतरत असायचं आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायचा. तिचा त्रास आम्ही सहा महिने मूळव्याध म्हणून अंगावर काढला. मी मोठी ना, मला कसं कळलं नाही?

तिथंच बसून मी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींबद्दल वाचलं आणि हातातलं पुस्तक मिटून गप्प बसले.

मुथुलक्ष्मींचा जन्म १८८६ चा, तमिळ मुलखातल्या पुदुकोट्टई संस्थानातला. आई देवदासी समाजातली, वडील कॉलेजचे प्राचार्य. मुलगी वयात आली की शाळा बंद, असा तो काळ. पण ही पोरगी घरी अभ्यास करून मॅट्रिक झाली, मुलांच्या कॉलेजात शिकली आणि १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली.

आणि अशा डॉक्टरबाईंची धाकटी बहीण ऐन तारुण्यात कॅन्सरनं गेली. आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर. पण सुरुवातीला आव समजून औषधं दिली गेली. खरा आजार कळला तोवर उशीर झाला होता. घरात डॉक्टर असूनही!

मैत्रिणींनो, दुःख आपण सगळ्याच करतो. बाईंनी त्या दुःखाला कामाला लावलं. १९२५ मध्ये त्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, तिथं कॅन्सरच्या उपचारांची माहिती घेतली. परतल्यावर १९२७ मध्ये मद्रास कायदेमंडळात गेल्या, देवदासी प्रथेविरुद्ध लढल्या, निराधार मुलींसाठी अव्वै होम काढलं. या सगळ्या धबडग्यात बहीण मात्र विसरल्या नाहीत. कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय हवं, हे त्यांनी १९३५ मध्ये आपल्या कॉलेजच्या शताब्दी समारंभात जाहीरपणे मांडलं.

आपल्या मुंबईत १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं. मद्रासला मात्र बाईंना पुढंही बरीच वर्षं वाट पाहावी लागली. विमेन्स इंडियन असोसिएशनच्या बायका पैसे गोळा करत होत्या. १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९५४ मध्ये अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट उघडलं. खाटा फक्त बारा! बाईंचं वय तेव्हा ६७. त्यांचे डॉक्टर चिरंजीव कृष्णमूर्ती तिथं राबले, पाठोपाठ डॉ. व्ही. शांता आल्या आणि आयुष्यभर तिथंच राहिल्या. बाई १९६८ मध्ये गेल्या. ते रुग्णालय आजही चालू आहे.

माझी बहीण आता बरी आहे, तपासण्या चालू असतात. डोक्यातला तो किडा अजून पुरता गेलेला नाही. पण आता ओळखीत कुणी ‘रक्त पडतंय, मूळव्याधच असेल’ म्हणालं, की मी संकोच बाजूला ठेवते आणि त्या बाईला हाताला धरून डॉक्टरकडे नेते. बारा खाटा काही मला जमायच्या नाहीत. एवढं तर जमतंय!